डोयाले दिसते, मोबाईलले काहून दिसत नाही?

बेटावरचा निळाशार समुद्र फोटोत पांढरा का पडतो? 'एचडीआर' नावाचं बटण नेमकं करतं काय? मालवणच्या सहलीचं तिकीट काढण्याआधी शहानूरच्या काठावर करून बघावा असा हा अभ्यास...

'यंदा कुठी जाचं बे?'

सेमिस्टर संपत आलं की अंजनगावातल्या कोणत्याही कॉलेज कट्ट्यावर हा प्रश्न हमखास निघतो. चिखलदरा लगेच बाद होतं, कारण ते घरचंच. मग कोणी मालवण काढतं, कोणी मुरूड-जंजिरा, आणि ज्याच्या घरून पैसे सुटतात तो थेट अंदमानवर जातो. थोडक्यात काय, समुद्र पाहिजे. आणि समुद्राच्या मधोमध एखादं बेट असेल तर सोन्याहून पिवळं!

आपल्या वऱ्हाडातल्या पोरापोरींसाठी समुद्र ही साधी गोष्ट नाही. आधी अकोला किंवा बडनेरा गाठायचं, रात्र रेल्वेत काढायची, मग पुन्हा कोकणची गाडी पकडायची. कित्येकांच्या घरी आई-वडिलांनी, आजी-आजोबांनी समुद्र अजून बघितलेलाच नसतो. त्यामुळे तिथून आणलेला फोटो फक्त स्टेटसला ठेवण्यापुरता नसतो. 'कसा असते रे समुद्र?' असं विचारणाऱ्या घरच्या माणसाला तो दाखवायचा असतो.

घोळ नेमका तिथंच होतो. गॅलरीत चारशे फोटो, पण एकातही डोळ्यांनी बघितलेला समुद्र नाही. मित्राचा चेहरा नीट आला तर मागचं आभाळ पांढरंफटक. आभाळ निळं आलं तर किल्ल्याची तटबंदी कोळशासारखी काळी. मग कोणीतरी एखादा भडक फिल्टर मारतं आणि समुद्र शाईच्या बाटलीतून ओतल्यासारखा दिसायला लागतो. मोबाईल पंधरा हजारांचा असो की लाखाचा, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. त्याचं उत्तर समजायला सुरुवात आपल्या डोळ्यांपासून करावी लागते.

डोळा 'क्लिक' करत नाही

भर दुपारी अंगणातून माजघरात गेलात की क्षणभर काहीच दिसत नाही. मग हळूहळू फडताळ दिसतं, माठ दिसतो, कोपऱ्यातली बाज दिसते. डोळ्यातली बाहुली मोठी होते, पडदा अंधाराला सरावतो. समुद्रकिनारी आपण उभे असतो तेव्हाही हेच चालू असतं. नजर ढगांवर गेली की बाहुली बारीक होते, माडाखालच्या सावलीत गेली की मोठी होते. डोळा सतत फिरत असतो आणि मेंदू या सगळ्या तुकड्यांची मिळून एक 'गोष्ट' तयार करतो. आपल्याला वाटतं, आपण सगळं एकदम बघितलं.

कॅमेऱ्याला ही चैन नाही. त्याला एका क्षणी, एकाच मापाने सगळा प्रकाश मोजावा लागतो. सर्वांत गडद सावलीपासून सर्वांत लख्ख उजेडापर्यंत जेवढा पल्ला तो एका फोटोत पकडू शकतो, त्याला म्हणतात 'डायनॅमिक रेंज'. ही रेंज 'स्टॉप'मध्ये मोजतात. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट. दोन स्टॉप म्हणजे चौपट, तीन म्हणजे आठपट. चांगल्या डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेऱ्याची रेंज कमी आयएसओवर चौदा स्टॉपच्या आसपास जाते. मोबाईलचा सेन्सर नखाएवढा असतो, त्यामुळे एका फोटोत त्याची झेप बरीच कमी पडते.

गोष्ट इथंच संपत नाही. साध्या जेपेग फोटोत प्रत्येक रंगासाठी फक्त २५६ पायऱ्या असतात. चौदा बिटच्या 'रॉ' फाईलमध्ये त्या १६,३८४ असतात. म्हणजे आभाळाचा रंग जेपेगमध्ये एकदा पांढरा झाला की तिथं काही माहितीच उरत नाही. नंतर कितीही ओढाताण केली तरी पांढऱ्याचा फार तर राखाडी होतो, निळा होत नाही. आणि शेवटी तो फोटो ज्यावर दिसणार, त्या पडद्याची आणि कागदाचीही मर्यादा असते. हे पानच घ्या. वर्तमानपत्राच्या कागदाचा पांढरा म्हणजे पिवळट राखाडी आणि शाईचा काळा म्हणजे गडद राखाडी. एवढ्या अरुंद गल्लीतून दुपारचा आख्खा समुद्र न्यायचा आहे!

'हाय डायनॅमिक रेंज', म्हणजे एचडीआर, हा या अडचणीवर काढलेला तोडगा. कल्पना अगदी सोपी. एका फोटोत मावत नाही ना? मग वेगवेगळ्या मापाचे दोन-तीन फोटो काढा आणि त्यांची बेरीज करा.

हा जुगाड मोबाईलपेक्षा दीडशे वर्षं जुना

गंमत म्हणजे हा तोडगा पहिल्यांदा गाजला तोही समुद्रासाठीच. १८५० च्या दशकात फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे नावाचा छायाचित्रकार समुद्राचे फोटो काढत होता. तेव्हाच्या काचेच्या निगेटिव्ह निळ्या प्रकाशाला फारच संवेदनशील होत्या. लाटा दिसाव्यात इतका वेळ प्रकाश दिला की आभाळ जळून जायचं. ल ग्रेने काही फोटोंसाठी आभाळाची वेगळी निगेटिव्ह आणि समुद्राची वेगळी निगेटिव्ह घेतली आणि क्षितिजाच्या रेषेवर दोन्ही जोडून एकच प्रिंट काढली. १८५६-५७ मधल्या त्याच्या या समुद्रचित्रांनी लोकांना वेड लावलं. आज आपण मालवणच्या जेट्टीवर उभं राहून ज्या आभाळाला शिव्या घालतो, त्याच आभाळाने त्यालाही छळलं होतं.

पुढे अमेरिकेत अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास 'झोन सिस्टीम' मांडली. फोटो काढण्याआधीच ठरवायचं, कोणता भाग किती गडद आणि कोणता किती उजळ हवा. अ‍ॅडम्स डार्करूममध्ये तासन् तास घालवून प्रिंटचा एकेक कोपरा उजळवायचा, गडद करायचा. १९५० च्या दशकात चार्ल्स वायकॉफने अणुस्फोटांचे फोटो काढण्यासाठी वेगवेगळ्या संवेदनशीलतेचे थर असलेली फिल्म तयार केली. स्फोटाच्या गाभ्यातला डोळे दिपवणारा उजेड एका थरावर, आजूबाजूचा मंद प्रकाश दुसऱ्यावर!

डिजिटल काळात या बेरजेचं पक्कं गणित मांडणाऱ्यांमध्ये एक नाव आपल्या देशातलं आहे. मथुरेत जन्मलेले आणि आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले जितेंद्र मलिक. त्यांनी आणि पॉल डेबेवेक यांनी १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात असताना एक शोधनिबंध सादर केला. एकाच दृश्याचे वेगवेगळ्या एक्स्पोजरचे साधे फोटो घेऊन त्यातून त्या दृश्यातला खरा प्रकाश कसा मोजायचा, हे त्यात होतं. नंतर २०१० मध्ये आयफोनमध्ये एचडीआरचं बटण आलं. गुगलने २०१३ पासून आपल्या फोनमध्ये थोडी वेगळी वाट धरली. मुद्दाम कमी उजेडाचे बरेच फोटो पटापट काढायचे, म्हणजे आभाळ जळत नाही. मग ते एकावर एक रचून सावलीतला दाणेदारपणा घालवायचा. आज तुमचा मोबाईल हे सगळं न विचारता करतो. तुम्हाला वाटतं एक फोटो निघाला, आत मात्र अनेकांची खिचडी शिजलेली असते.

मग एवढं सगळं फोन करतो तर आपण कशाला शिकायचं? कारण बेटावरची दुपार ही फोनची सर्वांत अवघड परीक्षा असते.

बेट, दुपार आणि एक तास

सिंधुदुर्गाचंच उदाहरण घेऊ. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी या किल्ल्याचं काम सुरू केलं. साधारण ४८ एकरांचा विस्तार आणि तीनेक किलोमीटरची नागमोडी तटबंदी. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने 'मराठा लष्करी भूप्रदेशा'तले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात समुद्रातल्या बेटांवरचे तीन आहेत: खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग. साहजिकच आता तिथं जाणाऱ्यांची गर्दी वाढणार आणि फोटोंचीही.

पण सोनेरी सकाळी किंवा मावळतीला बेटावर निवांत बसून फोटो काढू, असं मनात असेल तर ते विसरा. होड्या दिवसा चालतात, पावसाळ्यात बंद असतात आणि होडीवाला साधारण तासभराची वेळ देतो. बहुतेक सहली तिथं पोचतात ऐन उन्हात. वर तळपता सूर्य, खाली चमचमणारं पाणी, मधे काळपट दगड. प्रकाशातला फरक इतका की एका फोटोत तो मावतच नाही. एचडीआर शिकायचं ते या एका तासासाठी.

त्यातही दिशा कळली तर निम्मं काम होतं. सिंधुदुर्ग मालवण गावाच्या पश्चिमेकडे समुद्रात आहे. म्हणजे सकाळी जेट्टीवरून किल्ल्याचा फोटो काढाल तेव्हा सूर्य तुमच्या पाठीशी आणि ऊन तटबंदीवर. साधा एक फोटो पुरतो. दुपारनंतर त्याच जागेवरून सूर्य समोर येतो, तटबंदी काळी पडते, पाणी चकाकतं. तिथं एचडीआर लागतं. उलट, दुपारनंतर किल्ल्यावरून मालवणकडे बघितलं तर गाव आणि माडांची रांग उन्हात न्हालेली दिसते. तिथं पुन्हा साधा फोटो चालतो. कुठं एचडीआर लागत नाही हे कळणं, हाही एचडीआरचाच भाग.

आता खरी कसोटी: महादरवाजा. हा दरवाजा तटबंदीच्या वळणात असा लपवलाय की होडीतून लांबून दिसतच नाही. आत शिरून कमानीच्या सावलीतून बाहेर बघितलं की काळ्या चौकटीत लख्ख समुद्र दिसतो. डोळ्यांना दगडाचा पोतही दिसतो आणि पाण्याचा निळाही. कॅमेऱ्याला दोन्हीपैकी एकच. इथं तीन फोटो घ्यायचे.

कॅमेरा असेल तर छिद्र म्हणजे अ‍ॅपर्चर एफ/८ वर कायम ठेवा, आयएसओ १००, आणि फक्त शटरचा वेग बदला. बाहेरच्या उन्हातल्या दृश्यासाठी मधला फोटो १/४०० सेकंदाला नीट येत असेल, तर दोन स्टॉप गडद म्हणजे १/१६०० आणि दोन स्टॉप उजळ म्हणजे १/१००. पहिल्यात ढग आणि पाण्यावरची चमक वाचते, शेवटच्यात सावलीतला दगड दिसतो. कमानीसारख्या फारच अंधाऱ्या जागी तीनऐवजी पाच फोटो घ्या. अ‍ॅपर्चर बदलू नका, नाहीतर प्रत्येक फोटोत मागचं-पुढचं वेगळं धूसर होतं आणि बेरीज जुळत नाही. कॅमेऱ्यात 'ब्रॅकेटिंग' म्हणजे एईबी असतं, ते लावलं की तिन्ही फोटो आपोआप निघतात.

मोबाईल असेल तर आभाळावर बोट दाबून धरा. फोकस आणि उजेड लॉक होतो. पहिला फोटो तिथं. मग उजेडाची पट्टी वर सरकवत दुसरा, तिसरा. 'प्रो' मोड असेल तर आणखी सोपं. अँड्रॉइडवर 'ओपन कॅमेरा' हे फुकट अ‍ॅप बऱ्याच फोनवर ब्रॅकेटिंग करून देतं. फोन 'रॉ' फोटो काढत असेल तर तो पर्याय चालू ठेवा, फक्त मेमरीत जागा करून जा.

आणि हो, हात हलता कामा नये. केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंमध्ये ट्रायपॉड लावायला आधी परवानगी लागते, सिंधुदुर्गही त्यातच येतो. तेव्हा दगडाचा कठडा हाच तुमचा ट्रायपॉड. त्यावर दुपट्टा किंवा रुमाल घडी करून ठेवा, वर मोबाईल टेका आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. बटण दाबतानाचा झटकाही त्यामुळे टळतो. कठड्यावर चढून, कडेला लटकून मात्र नाही!

कापसाची गाठ किती दाबायची?

तीन फोटो जोडले की एक अशी फाईल मिळते जिच्यात प्रकाशाचा प्रचंड पल्ला असतो. पण आपल्या साध्या पडद्यावर तो मावत नाही. तो दाबून बसवावा लागतो. याला म्हणतात 'टोन मॅपिंग'.

आपल्याकडे जिनिंग-प्रेसिंग बघितलेल्यांना हे लगेच समजेल. ढिगाने पडलेला मोकळा कापूस प्रेसमध्ये दाबून त्याची आटोपशीर गाठ बांधतात. कापूस तोच, जागा कमी. टोन मॅपिंगही तसंच. आभाळ थोडं खाली आणायचं, सावली थोडी वर उचलायची आणि सगळं त्या अरुंद गल्लीत बसवायचं.

मात्र फोटो गरजेपेक्षा जास्त दाबला की तो बिघडतो. तटबंदीच्या आणि माडाच्या कडेने पांढरी वलयं उमटतात. ढग मळकट, वादळी दिसायला लागतात. वाळूचा कण न् कण टोचतो. माणसांचे चेहरे आजारी दिसतात. आणि सर्वांत वाईट म्हणजे फोटोतून वेळ निघून जाते. दुपार आहे की संध्याकाळ, कळतच नाही, कारण सावलीच शिल्लक नसते. मधे काही वर्षं असे भडक फोटो एवढे फिरले की 'एचडीआर' म्हणजे भडकपणा, असाच समज झाला. दोष तंत्राचा नव्हता, स्लायडर शेवटच्या टोकापर्यंत ओढणाऱ्या बोटाचा होता.

एक साधी कसोटी आहे. जोडलेला फोटो बघा आणि स्वतःला विचारा, इथं सर्वांत उजळ काय आहे? दुपारी समुद्रावर ते आभाळ किंवा पाण्यावरची चमक असायलाच पाहिजे. दरवाज्याच्या आतला दगड आभाळाइतकाच उजळ झाला असेल तर थांबा, मागे या. सावली ही सावलीच राहू द्या, फक्त तिच्यात काय आहे ते दिसू द्या.

जोडकामासाठी महागडं सॉफ्टवेअर लागतंच असं नाही. लॅपटॉपवर 'ल्युमिनन्स एचडीआर' आणि 'ह्युजिन'सोबत येणारं 'एन्फ्यूज' ही दोन्ही फुकट आहेत. 'एन्फ्यूज' टोन मॅपिंगच्या भानगडीत न पडता प्रत्येक फोटोतला नीट आलेला भाग उचलून एकत्र करतं, त्यामुळे नवशिक्यांचे फोटो सहसा नैसर्गिक दिसतात. 'स्नॅपसीड'मधला 'एचडीआर स्केप' मात्र एकाच फोटोवर चालणारा फिल्टर आहे. तो नसलेलं आभाळ परत आणून देत नाही. त्याचा वापर चटणीसारखा, चिमूटभर करा.

लाट काही थांबत नाही

डोंगर तीन फोटोंत तोच राहतो. समुद्र राहत नाही. पहिल्या फोटोत लाट इथं, तिसऱ्यात तिथं. माडाच्या झावळ्या हलतात, होडी पुढे सरकते. जोडल्यावर एकाच होडीच्या तीन पुसट होड्या होतात. याला 'घोस्टिंग' म्हणतात. भुतांचाच प्रकार!

यावर तीन उपाय. एक, तिन्ही फोटो शक्य तितक्या वेगाने, एका दमात काढा. दोन, जोडताना 'डीघोस्ट'चा पर्याय चालू करा; मग सॉफ्टवेअर हलणारा भाग एकाच फोटोतून घेतं. तीन, लाट हाच विषय असेल तर सरळ ल ग्रेच्या वाटेने जा. समुद्र एका फोटोतून, आभाळ दुसऱ्यातून, आणि जोड क्षितिजावर. एकाच जागेवरून, एकाच मिनिटात काढलेले दोन फोटो असतील तर हा जोड प्रामाणिकच राहतो.

बेटावरच्या आणखी दोन खोड्या लक्षात ठेवा. खाऱ्या वाऱ्याने लेन्सवर न दिसणारा थर बसतो आणि फोटो धुरकट येतो. एचडीआर केलं की तो धूर आणखी उठून दिसतो. म्हणून दर थोड्या वेळाने स्वच्छ सुती कापडाने लेन्स पुसा. दुसरं म्हणजे पांढरी वाळू. अंदमानसारख्या प्रवाळाच्या वाळूवर कॅमेरा फसतो. एवढं उजळ दृश्य बघून तो स्वतःहून फोटो गडद करतो आणि वाळू राखाडी येते. तिथं मधला फोटो थोडा उजळ बाजूला ठेवून मगच ब्रॅकेटिंग करा. अंदमानला जाणाऱ्यांनी घड्याळही सांभाळावं. तिथं डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. आपल्या सवयीने सहाला किनाऱ्यावर गेलात तर अंधारच मिळेल.

सूर्यास्तालाही प्रत्येक वेळी एचडीआर नको. माडाची काळी आकृती आणि मागे तांबडं आभाळ, ही मजा त्या काळेपणातच आहे. मोबाईल मात्र सवयीप्रमाणे माड उजळवून टाकतो. अशा वेळी बटण बंद करा, आभाळावर बोट ठेवा आणि माड काळा होऊ द्या.

फोनने ठरवलं, म्हणून खरं?

इथं एक प्रश्न येतो, जो आम्हा पत्रकारितेच्या मुलांना वर्गात सुरुवातीलाच शिकवला जातो. बातमीच्या फोटोत नसलेलं घालायचं नाही, असलेलं काढायचं नाही. मग एचडीआरचं काय?

तीन फोटोंची बेरीज करून डोळ्यांनी दिसत होतं तेवढं परत आणणं ही फसवणूक नाही. पण दुसऱ्याच दिवसाचे ढग आणून सिंधुदुर्गावर चिकटवले, तर तो मालवणचा फोटो राहत नाही. आता बऱ्याच अ‍ॅपमध्ये एका टिचकीत आभाळ बदलता येतं, म्हणून ही रेघ स्वतःच आखावी लागते.

आणि कधी कधी आपण काही न करताही फोन दृश्य बदलतो. सप्टेंबर २०२० मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोचं आभाळ वणव्यांच्या धुराने भरदिवसा नारिंगी झालं होतं. लोकांनी फोटो काढले तर कित्येकांच्या फोनने ते आभाळ चक्क राखाडी करून दाखवलं, कारण फोनच्या हिशेबात आभाळ असं नारिंगी असूच शकत नाही. ती करामत एचडीआरची नव्हती, रंगाचा तोल आपोआप साधणाऱ्या यंत्रणेची होती. पण मुद्दा तोच. फोन ठरवतो ते सरासरीने, लाखो फोटो बघून. तुमच्या समोरचा समुद्र त्या दिवशी कसा होता, हे फक्त तुम्ही बघितलेलं असतं. घरी ज्यांना तो दाखवायचा आहे, त्यांच्याकडे तर ताडून बघायला दुसरं काहीच नसतं. तुम्ही दाखवाल तोच त्यांचा समुद्र.

आधी शहानूर, मग मालवण

होडीवाल्याच्या एका तासात शिकणं होत नाही. तिथं फक्त जमलेलं करून घ्यायचं असतं. शिकायचं ते इथं, अंजनगावात. आणि त्यासाठी आपल्याकडे सगळं आहे.

'ट्रॉपिकल' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर माड आणि निळं पाणी येतं. पण उष्णकटिबंध म्हणजे विषुववृत्तापासून साडेतेवीस अंशांपर्यंतचा पट्टा. अंजनगाव सुर्जी साधारण एकवीस अंशांवर, म्हणजे आपणही त्यातच! सूर्य मे महिन्याच्या सुरुवातीला मालवणच्या बरोबर डोक्यावर येतो, तसाच महिनाअखेरीस आपल्याही येतो. तोच 'शून्य सावली'चा दिवस. दुपारचं रखरखीत, वरून पडणारं ऊन दोन्हीकडे सारखंच.

समुद्राच्या पाण्याचा सराव शहानूर धरणाच्या जलाशयावर करता येतो. चकाकतं पाणी, मोठं आभाळ आणि मागे सातपुड्याचे गडद डोंगर, म्हणजे समुद्रावरच्या सगळ्या अडचणी एका जागी. लाटा लहान, म्हणून भुतंही कमी. महादरवाज्याच्या कमानीचा सराव गाविलगडाच्या दिल्ली दरवाज्यात किंवा नरनाळ्याच्या महाकाली दरवाज्यात होतो. १८०३ च्या डिसेंबरात गाविलगड पडला आणि पंधरा दिवसांत सुर्जी-अंजनगावचा तह झाला, हे आपण पुस्तकात वाचतो. त्याच गडाच्या कमानीत उभं राहून सावली आणि ऊन एका फोटोत बसवून बघा. फक्त जंगलाच्या वेळा आणि वनविभागाचे नियम पाळून.

माडाखालच्या कवडशांसाठी तर लांब जायलाच नको. आपल्या भागातल्या पानमळ्यात किंवा पानपिंपरीच्या मळ्यात, मालकाला विचारून, भर दुपारी शिरा. वरून उन्हाचे ठिपके, खाली गर्द हिरवी सावली. पानांवरची चमक जळू न देता आतला अंधार दाखवणं ज्याला जमलं, त्याला नारळीची बाग अवघड नाही.

आणि पावसाळ्यात चिखलदऱ्याला गेलात तर उलटा धडा गिरवा. धुक्यात सगळंच मऊ, सारख्या उजेडाचं. तिथं प्रकाशाचा पल्लाच लहान असतो, एक फोटो पुरतो. तिथं एचडीआर लावलं की धुकं फाटतं आणि चिखलदऱ्याचा चिखलदरा राहत नाही.

बॅग भरण्याआधी

• फोनमधला 'ऑटो एचडीआर' कुठून बंद-चालू होतो, ते घरीच शोधून ठेवा. होडीत बसल्यावर नाही.

• मेमरी रिकामी करा. एका दृश्याचे तीन फोटो म्हणजे जागाही तिप्पट.

• दोन सुती रुमाल: एक लेन्सला, एक कठड्यावर फोनखाली.

• होडीत फोनला दोरी किंवा पाण्यापासून वाचवणारी पिशवी. समुद्रात पडलेला फोन 'अनडू' होत नाही.

• एसी खोलीतून बाहेरच्या दमट हवेत आल्यावर लेन्सवर दव धरतं. पाच-दहा मिनिटं थांबा, मग फोटो काढा.

• ड्रोन नेणार असाल तर परवानगी आधी. किल्ल्यांवर 'बघू तिथं गेल्यावर' चालत नाही.

• प्रत्येक जागी पहिली दोन मिनिटं फोन खिशात. आभाळ कसं आहे, पाण्याचा रंग कुठं बदलतो, सावलीत काय दिसतं, हे आधी नीट बघा. संध्याकाळी फोटो जोडताना स्लायडर कुठं थांबवायचा, ते याच दोन मिनिटांवरून कळेल.

तर मग, या रविवारी सकाळी नको, चांगलं बारा वाजता शहानूरच्या काठावर जा. टोपी आणि पाण्याची बाटली घ्या. एकाच जागेवरून तीन फोटो काढा, जोडा आणि घरी दाखवा. 'हो, तिथं असंच दिसते' असं ज्यांनी शहानूर शंभरदा बघितलाय ते म्हणाले, तर समजा, तुमचा हात बसला. मालवणचं तिकीट काढायला हरकत नाही.